टोरिक लेन्स जागेवर आहे का?
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, टोरिक लेन्स टाकली आणि तरीही धूसर दिसतंय, तर लगेच चष्मा करून मोकळं होऊ नका, आधी लेन्स फिरलीय का ते बघायला सांगा. ही लेन्स सिलिंडर नंबरसाठी, म्हणजे एका ठरावीक दिशेतल्या चष्म्याच्या नंबरसाठी असते त्यामुळे ठरलेल्या अक्षावरच (दिशेवरच) बसावी लागते, 1 अंश सरकली की साधारण 3.3 टक्के फायदा जातो, 30 अंशांना जवळजवळ सगळाच गेला आणि त्यापुढे उलट सिलिंडर वाढतो.

तपासायला अवघड काही नाही, थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) लेन्सच्या कडेच्या खुणा कुठल्या अंशावर आहेत ते बघतात. डोकं मात्र अगदी सरळ हवं! जरा कललं तरी आकडा चुकतो.

लेन्स फिरते ती बहुतेक ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांतच. ती परत फिरवायला साधारण 1 ते 3 आठवड्यांचा काळ बरा, फार लवकर केलं तर पुन्हा सरकू शकते आणि उशीर झाला तर डोळ्यातल्या ज्या पिशवीत लेन्स बसवतात ती तिला घट्ट धरून बसते. आणि दरवेळी आधी ठरलेल्या अक्षावरच नेतात असं नाही हं, आत्ता उरलेल्या नंबरवरून हिशोब करून नवा अक्ष काढतात, आणि त्या हिशोबातही नंबर फारसा उतरत नसेल तर नुसती लेन्स फिरवून उपयोग नाही, मग लेन्स बदलणं, लेसर किंवा चष्मा यावर डॉक्टरांशी नीट बोला.