सबवूफर गेला सीटखाली

डिकीत सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खर्जातला आवाज वाजवणारा स्पीकर) ठेवला तर गणपतीला गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या, हा घरचा प्रश्न रास्तच होता. म्हणून आज आमच्या वॅगनआरमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली 8 इंची चपटा सबवूफर बसवून घेतला. अ‍ॅम्प्लिफायर त्यातच असतो.

खरं काम वायरिंगचं. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज (तो टाळणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार), मग रबरी ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून) आत. अर्थिंगसाठी मेकॅनिकदादांनी बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा लख्ख केला, मगच बोल्ट आवळला. सीट पुढेमागे सरकवून वायर रुळात अडकत नाही ना, तेही पाहिलं.

लो-पास, म्हणजे फक्त खर्जातला आवाज पुढे जाऊ देणारा फिल्टर, 80 हर्ट्झवर ठेवला. इतका खर्जातला आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला कळत नाही, त्यामुळे बेस समोरून आल्यासारखा वाटतो. ढोल-ताशा लावला आणि टोल थेट मांडीला जाणवला! काचा थरथरवणारा धमाका याच्याकडून होणार नाही, मला तो नकोच होता.

संध्याकाळी बायको शेजारी बसली. "ही काय मसाजची खुर्ची आहे का?"

बेस जरा कमी केलाय. सध्यापुरता.