तुम्ही विचारलंत म्हणून: टाकीत औषध कोणतं घालता?

आमच्या हॉलमध्ये दोन फुटी माशांची टाकी आहे. घरी आलेला माणूस चपला काढता काढता तिच्याकडे बघतो आणि चहा येईपर्यंत प्रश्न येतोच. "काकू, पाणी इतकं नितळ कसं हो? आमच्याकडे महिन्याभरात शेवाळ माजलं. तुम्ही औषध कोणतं घालता?"

काहीच घालत नाही म्हटलं, की समोरच्याला वाटतं ही सांगायचं टाळतेय. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी हे, की शेवाळ आमच्याकडेही आहे. मागच्या काचेवर बारीक हिरवे ठिपके आहेत, ते नखानंसुद्धा निघत नाहीत. पुढची काच मी घासते, मागची घासत नाही, एवढाच काय तो फरक.

पहिली टाकी आणली तेव्हा लेक सहावीत होती. पांढरे खडे, सहा गप्पी, मधोमध वनस्पतीच्या चार काड्या. दोन आठवड्यांत खड्यांवर, पानांवर, काचेवर तपकिरी थर बसला. चहाच्या पातेल्याला आतून चढतो ना, तसा. लेकीनं काचेवर आतून बोटानं स्वतःचं नाव लिहिलं, इतका तो मऊ होता. मला ती घाण वाटली, आणि घाण दिसली की आमचा हात थांबत नाही. टाकी रिकामी केली, खडे उकळले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर पिळला, नवं पाणी भरलं. तीन दिवसांत सहापैकी चार गप्पी गेले. तपकिरी थर पुढच्याच महिन्यात पुन्हा हजर.

काय झालं होतं ते नंतर कळलं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, सडकी पानं यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानानं सौम्य. ही मंडळी फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती अर्धीमुर्धी बसलेली वस्ती उकळून टाकली होती, आणि उरलेली नळाच्या क्लोरिननं मारली होती. तेव्हापासून स्पंज धुते तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच, आणि तोही गाळ निघण्यापुरता. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवते किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरिन घालते.

तो तपकिरी थर म्हणजे डायटम, एका प्रकारच्या शेवाळाचे सूक्ष्म जीव. नव्या टाकीत ते येतातच, आणि बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांत आपले आपण जातात. मऊ फडक्यानं पुसायचं आणि वाट बघायची. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना दुकानातली बाटली हवी असते.

माझे वडील कोकणात परसात भाजी लावायचे. जमीन खणून नुसती ठेवली की ते ओरडायचे, "काहीतरी लाव तिथे, नाहीतर तण लावून घेईल ती." टाकीचं अगदी तसंच आहे. प्रकाश आहे, पाण्यात खाद्य आहे आणि ते खाणारं झाड नाही, मग शेवाळ येणार नाही तर काय? चार काड्या लावून मी वावर उघडं टाकलं होतं. दुसऱ्यांदा टाकी भरली तेव्हा पहिल्याच दिवशी बारा-पंधरा जुड्या लावल्या. महागडं काही नाही. हायड्रिला, वॉटर विस्टेरिया, मागे वॅलिस्नेरियाची पातं. भराभर वाढणारी आणि आपल्याच हवापाण्यातली झाडं. वर थोडी तरंगती साल्विनिया सोडली. तिला कर्बवायू थेट हवेतून मिळतो, त्यामुळे ती पाण्यातलं खाद्य झपाट्यानं ओढते. (फार झाली की कुंडीत टाका. ओढ्यात किंवा तलावात टाकू नका, जलपर्णीनं काय केलंय ते आपण बघतोच.) देखणी, संथ झाडं नंतर आणली. त्यांत अनुबियासचा आडवा कंद खड्यांत पुरायचा नाही, कुजतो. दगडाला दोऱ्यानं बांधायचा.

आता एक घाबरवणारी गोष्ट. क्रिप्टोकोरीन आणून लावलं आणि आठवड्यात पानं काचेसारखी पारदर्शक होऊन, हात लावला तर बोटाला चिकटून विरघळायला लागली. मी ते उपटून फेकणार होते. पण क्रिप्टो जागा बदलली की असं करतंच. शिवाय रोपवाटिकेत बरीचशी पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती जुनी पानं पाण्याखाली टिकत नाहीत. कुजकी पानं कापून मुळं तशीच ठेवली, तर तीन आठवड्यांत मधून सुरळीसारखं नवं पान आलं.

प्रकाशात माझी सगळ्यात मोठी चूक होती. दिवा लावला की हॉल छान दिसतो म्हणून तो सकाळी देवपूजेपासून रात्री मालिका संपेपर्यंत चालू. आता इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा टायमर लावलाय. पहिला महिना सहा तास, पुढे सात-आठ, बस. टाकी पश्चिमेच्या खिडकीजवळ होती, ती हलवली. मे महिन्यात एकदा पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं झालं होतं, तेव्हा तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकीवर जुनी चादर टाकली आणि मग निम्मं पाणी बदललं.

खताबद्दल मात्र लोक उलटं करतात. शेवाळ दिसलं की खत बंद. त्यानं झाड उपाशी राहतं आणि शेवाळाचं फावतं, त्याला थोडक्यात भागतं. नवी पानं पिवळट निघाली तर बहुधा लोह कमी, जुन्या पानांना भोकं पडली तर पोटॅशियम. साध्या खड्यांत कस नसतो, म्हणून वॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोच्या मुळाशी खताची गोळी खुपसते. बाकी दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलायचं.

राहिले शेवाळ खाणारे. "एक सकर सोडा, सगळं साफ," असं म्हणून दुकानदारानं बोटाएवढा सकर मासा दिला होता. तो फूटभराच्या वर वाढतो हे त्यानं सांगितलं नाही. आमच्या टाकीत त्याला वळता येईना तेव्हा परत नेऊन दिला. कंटाळून तळ्यात सोडणारेही आहेत, आणि दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता आपल्याकडच्या किती तरी जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतोय. माझ्याकडे दोन नेराइट गोगलगायी आहेत. काचेवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवून ठेवतात, ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत आणि सहज निघतही नाहीत. पण शेवाळ खातात. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी या कामासाठी जी कोळंबी लोकप्रिय केली, तिला आज त्यांच्याच नावानं ओळखतात. मिळाली तर उत्तम, पण टाकी दोनेक महिन्यांची झाल्याशिवाय सोडू नका.

संध्याकाळी दिवा बंद व्हायच्या सुमारास वॅलिस्नेरियाच्या पातीवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसते. पाहुणे विचारतात, हवेचा पंप आहे का? नाही, पानं सोडतायत तो प्राणवायू.

विस्टेरिया दर पंधरा दिवसांनी कापावी लागते, आणि कापलेली जुडी मी फेकत नाही. तुमची टाकी नवी असेल तर रविवारी सकाळी या. येताना डबा आणा, श्रीखंडाचा रिकामा चालेल.