हळद आहे की बेसन?

सिनेमाचा कॅमेरा माझ्याकडे एकच दिवस राहणार होता. कोल्हापूरच्या मित्राने तो विकायला काढला होता आणि व्यवहार सरळ होता: शुक्रवारी वापर, शनिवारी एकतर कॅमेरा परत, नाहीतर पैसे. मार्चचा पहिला आठवडा. आमचं पोट लग्नांवर चालतं. हळद शूट करण्यात माझी निम्मी हयात गेली, पण ती नवरा-नवरीच्या अंगावरची. बाजारातल्या हळदीचं काम पहिल्यांदाच आलं होतं. दोन छोटे माहितीपट, एक सांगलीच्या हळदीवर, दुसरा मिरजेच्या सतार-तंबोऱ्यावर. हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये, आणि काम देणाऱ्याला दोन्ही एका मालिकेत बसवायचे होते.

लग्नाचा कॅमेरा चालला नसता का? चालला असता. पण आठ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. पिवळ्या रंगावरची ऊन-सावलीची बारीक उतरण ग्रेडिंगला, म्हणजे नंतर रंग सुधारायला, घेतली की पट्ट्यापट्ट्यांत फुटते, हे मी एका हळदी समारंभात भोगलंय. हा कॅमेरा बारा बिटांचा रॉ (कच्ची फाइल) देतो, म्हणजे ४०९६ पायऱ्या. दिसायला मात्र जाडजूड फोटोच्या कॅमेऱ्यासारखा. मागे पाच इंची पडदा, आत मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे लहान आकाराचा सेन्सर. भाचा बघून म्हणाला, "मामा, हा सिनेमाचा? याला बघून कुणी बाजूलासुद्धा होणार नाही." झालंही तसंच, आणि मार्केट यार्डात ते पथ्यावर पडलं.

पहाटे सहाला सांगलीवाडीच्या काठावर उभे राहिलो. समोर १९२९ चा आयर्विन पूल, त्याच्या मागे सांगली आणि सांगलीच्या मागून उजाडत आलेलं. कमानींची पोटं काळीमिट्ट, वरचं आकाश तापत चाललेलं. कॅमेऱ्याला पेचात पकडायला याहून स्वस्त जागा नाही. कागदावर १३ स्टॉप लिहिलेत, म्हणजे काळोखापासून उजेडापर्यंत एवढ्या पायऱ्या एका चित्रात मावतात, दर पायरीला उजेड दुप्पट. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४०० ला आकाश सांभाळून घेतलं तर कमानीखालचे दगड नंतर वर काढता आले, पण तळाच्या एक-दोन स्टॉपमध्ये चित्रात नुसता दाणेदार रवा. मी अकराच धरून चाललो. पहिली बॅटरी पाऊण तासात बसली. जवळ चार होत्या, तेव्हा दिवसाचं गणित तिथंच कोलमडलं आणि भाच्याला चार्जर घेऊन कुणाच्या तरी दुकानात बसवणं आलं.

दहा वाजता मार्केट यार्ड. सौदे सुरू झाले होते. पत्र्याची शेड, छतात मध्ये मध्ये फायबरचे पत्रे, तेही जुने होऊन हिरवट पडलेले. दारातून ऊन, वरून हा हिरवट उजेड आणि हळदीच्या ढिगावरून उसळणारा तिसरा, पिवळा. तिथे उभ्या माणसाची हनुवटी खालून पिवळी झालेली असते. आपल्याला ते कळत नाही, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. कॅमेरा घेत नाही, त्याला सांगावं लागतं.

सांगायचं कसं, तर व्हाइट बॅलन्सचं बटण दाबलं की पडद्याच्या मधोमध एक चौकट येते, त्या चौकटीत पांढरा किंवा करडा कागद धरायचा. भाच्याने बटण दाबलं आणि चौकटीत धरली हळद. कॅमेऱ्याने इमानदारीत समजून घेतलं की हे पांढरं आहे, आणि असेल नसेल तेवढा पिवळेपणा मारून टाकला. वर चित्र लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिकट ठेवलेलं. मी पलीकडे सौद्याची गर्दी बघत होतो. ज्यांच्या दुकानी गेलो होतो ते अडते अण्णा पडद्यावर वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले,

"काय ओ, हे बेसन आहे का?"

समोर कमरेएवढा राजापुरी हळदीचा ढीग. मी धावत आलो, चौकटीत करडं कार्ड धरलं, रंग-तापमान ५६०० केल्विनच्या आसपास आणलं, हिरवी झाक टिंटमधून काढली, वर आमचा नेहमीचा लट, म्हणजे रंगांचा तयार साचा, चढवला. लग्नात याच लटवर बायका खूष असतात. हळद पेटल्यासारखी दिसायला लागली.

"आता रंग मारलेली दिसती," अण्णा म्हणाले. "असली दाखवलीत तर मला आत टाकतील." भेसळवाले हळदीला मेटॅनिल यलो मारतात, तो भडक पिवळा अण्णांच्या डोळ्याला लगेच खुपतो.

मग त्यांनी ढिगातून एक हळकुंड उचललं आणि काडकन मोडलं. बाहेरून मातकट पिवळं, सालीवर बारीक आडव्या रेघा. आत मात्र केशरी, मेणासारखी चमक असलेला गाभा. "वरचं पिवळं सगळ्यांचंच सारखं असतंय. सौदा याच्यावर होतो. हे येतंय का तुमच्यात, तेवढं बघा."

त्या एका तुकड्यावर आमचा तासभर गेला. फायबरच्या पत्र्याखालून निघून दाराच्या आतल्या सावलीत आलो, म्हणजे एकाच बाजूने स्वच्छ उजेड. अण्णांनी तुकडा तळहातावर धरला, शेजारी एका हमालाने पांढरा गमछा ताणून धरला. लट निम्म्यावर आणला. एक गोष्ट तिथे नीट कळली. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, सगळं मधोमध, कुठेच काही जळलेलं नाही आणि तरी केशरी गाभ्याचा पोत सपाट दिसतोय. वेगवेगळे रंग उघडून बघितले तेव्हा लाल उजव्या भिंतीला टेकलेला आणि निळा तळाला गेलेला. सरासरी काढणारा आलेख हळदीच्या बाबतीत खोटं बोलतो. पाऊण स्टॉप खाली घेतलं तेव्हा गाभ्यातली चमक परत आली. अण्णांनी पडद्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, परत पडद्याकडे.

"जवळ आलं," एवढंच बोलले आणि फोनवर भाव सांगायला लागले.

निघताना अर्धा तुकडा भाच्याच्या हातात दिला. "घरी ताडून बघा. उन्हात नका ठेवू मात्र, रंग उडतो." खरं आहे ते. हळदीचा रंग कुरकुमिनचा, आणि त्याला प्रकाश सोसत नाही.

यार्डात आणखी एक नियम केला: लेन्स तिथे बदलायची नाही. कॅमेऱ्याला गार ठेवायला आत छोटा पंखा आहे, तो हवा ओढतो, आणि यार्डातली हवा म्हणजे निम्मी हळदच. गाडीत काचा चढवून बसलो तेव्हा पुसायच्या पांढऱ्या फडक्यावर जे आलं, त्यात भाजी फोडणीला टाकता आली असती.

दुपारी हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, वर डोक्यावर ऊन. इथली हळद साठवायची पेवं एके काळी नावाजलेली. २००५ च्या पुराने त्यातल्या बऱ्याचशांची वाट लावली. पेवाच्या तोंडाचा एखादा शॉट हवा होता, पण दुपारचं मुख्य काम फिल्टरचं. या कॅमेऱ्यात एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा काळपट फिल्टर, नाही. भर उन्हात आयएसओ ४००, शटर १/५० आणि लेन्स एफ ४ वर ठेवायची तर साधारण सात स्टॉप उजेड बाहेरच अडवावा लागतो. माझ्याकडे लग्नातला साधा फिल्टर होता, तो लावला. चित्र छान. फक्त भाचा तपकिरी झाला.

म्हणजे त्याचा काळा टी-शर्ट. खांद्यावरची कॅमेऱ्याची काळी बॅग काळीच, आणि त्याच फ्रेममध्ये टी-शर्ट चॉकलेटी. तो स्वतःला पडद्यावर बघून आधी हसला, मग गंभीरपणे म्हणाला, "नवीन आहे मामा, एकदाच धुतलाय." दोष धुण्याचा नव्हता. साधा एनडी डोळ्याला दिसणारा उजेड तेवढा अडवतो, इन्फ्रारेड तसाच आत सोडतो. सात स्टॉप अडवले की उरलेल्या उजेडात इन्फ्रारेडचाच वाटा मोठा होतो, आणि सिंथेटिक काळं कापड नेमकं तेच परत फेकतं. नंतर रंग फिरवून टी-शर्ट काळा करता येतो, पण मग माणसाचा चेहरा हिरवा होतो. इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर वेगळा मिळतो, स्वस्त नसतो. कॅमेऱ्याच्या किमतीत तो मनातल्या मनात मिळवला. पेवाच्या तोंडाचा शॉट राहिलाच.

चार वाजता मिरजेत सतारमेकर चाचांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. छताला टांगलेले भोपळे, कोपऱ्यात तुणाच्या लाकडाच्या दांड्या, एक दार, एक बल्ब. मागे सरकायला जागा नाही म्हणून १२ एमएमची लेन्स. पडद्यावर लगेच पट्टे वर चढायला लागले. भाच्याने सकाळी, सिनेमा २४ वर असतो म्हणून, फ्रेम रेट २४ केला होता आणि शटर १८० अंश, म्हणजे १/४८ सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. १/४८ मध्ये ते लुकलुकणं पूर्ण बसत नाही, उरलेला तुकडा पट्टा होऊन फिरतो. शटर १७२.८ अंशांवर नेलं, म्हणजे बरोबर १/५०. पट्टे गेले.

अंधाराची खरी परीक्षा एका अर्धवट कापलेल्या भोपळ्याने घेतली. तोंड उघडं राहावं म्हणून आत काटक्यांचे टेकू दिलेले, आणि त्याच्या मागे पोकळीतला मऊ काळोख. आयएसओ १००० ला त्या काळोखात सकाळचाच रवा. १२५० ला स्वच्छ! उलटं वाटतं, पण या सेन्सरला दोन मूळ पातळ्या आहेत, ४०० आणि ३२००. १००० पर्यंत पहिली ताणली जाते, १२५० पासून दुसरी सुरू होते. किंमत मात्र मोजावी लागते: १२५० ला फ्रेममधलं दार पांढरंफेक झालं. शेवटी दाराला चाचांचीच जुनी चादर अर्धी लावली.

चाचा तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावत होते. घोडीवर कानस दोन-चारदा फिरवायची, तार छेडायची, कान खाली न्यायचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा. छताचा पंखा आम्ही आधीच बंद करायला लावला होता. तिसऱ्यांदा तार छेडून ते थांबले.

"काहीतरी वाजतंय."

"पंखा बंद आहे चाचा."

"तो नव्हे." बोट कॅमेऱ्याकडे. "त्यात काहीतरी आहे."

मी कॅमेऱ्याला कान लावला तेव्हा कुठे ऐकू आलं. आतला तो छोटा पंखा. सकाळपासून तो माझ्या हातात फिरत होता आणि मला पत्ता नव्हता. चाचा चार फुटांवर बसले होते. "बाहेर ठेवता येईल का?" त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं. कॅमेरा दाराबाहेर ओट्यावर नेला, लेन्स बदलली, चादरीच्या फटीतून शूट केलं आणि माईक एकटाच आत ठेवला. दिवसातला सगळ्यात चांगला शॉट तोच आला.

रात्री साडेदहाला घरी लॅपटॉपवर फाइली उघडल्या. अण्णांच्या तळहातावरचा तुकडा पडद्यावर आणि खिशातला त्याचा जोडीदार टेबलावर. रंग जुळेना. पडद्यावरचा गाभा केशरी, टेबलावरचा मेलेला, फिकट. मी अर्धा तास पडद्यावरचा रंग खाली ओढत बसलो. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, चुकतंय ते टेबलावरचं. वरची ट्यूब बघ." वर बाजारातली स्वस्त एलईडी ट्यूब, तिच्या उजेडात लाल मुळातच कमी. खरं हळकुंडच बेसन झालं होतं.

केलेले सगळे बदल पुसले आणि तुकडा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. तेवढ्यात मित्राचा मेसेज आला: "काय ठरलं? पैसे की कॅमेरा?"

मी लिहिलं, "उजाडू दे."