सर्व्हर बसला आणि लाईन दारापर्यंत गेली

मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरला असते. सकाळी रक्त द्यायला येणारे बहुतेक उपाशीपोटी, त्यात सोमवार, आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसला. नाव टाकता येईना, बारकोड निघेना, आणि बारकोडशिवाय सॅम्पल घ्यायचं नाही असा नियम, मग आम्ही काउंटरमागे हातावर हात ठेवून बसलेल्या. समोरून बघणाऱ्याला काय दिसणार? लाईन दारापर्यंत गेलीय आणि या बायका निवांत बसल्यात. आरडाओरडा सुरू झालाच.

आमचे सर म्हणाले, कोणाला काही सांगू नका, विचारलं तर दहा मिनिटांत होईल म्हणा. आयटीवाले तर फोनवर तासभर तरी धरून चला म्हणत होते. ॲडमिनमध्ये एक मॅडम आहेत, नोकरी सांभाळून एमबीए केलंय, दर दोन वाक्यांना कुठल्यातरी प्रोफेसरचं काढतात म्हणून आम्ही त्यांची मागून चेष्टा करतो. त्या खाली आल्या आणि सरळ म्हणाल्या, सर, तासाचं सांगा. सर भडकले, तास म्हटलं तर लोक अंगावर येतील! मॅडम म्हणाल्या, येतील, पण एकदाच येतील.

त्यांचं म्हणणं असं की डेव्हिड मायस्टर म्हणून एक जण हार्वर्ड बिझनेस स्कूलला शिकवायचे, त्यांनी १९८५ मध्ये थांबणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं यावर लेख लिहिला आणि त्यात पेशंटचंच उदाहरण आहे. डॉक्टरांना अर्धा तास उशीर होईल असं सांगितलं तर माणूस आधी चिडतो, मग टेकून बसतो. "येतीलच आता" म्हटलं तर तो सगळा वेळ दाराकडे बघत ताटकळतो, उठताही येत नाही त्याला. माझं म्हणाल तर हे मला लेख न वाचता पटलं, कारण "दहा मिनिटं" सांगून अकराव्या मिनिटाला शिव्या आम्हीच खातो, सर केबिनमध्ये असतात.

सांगितलं मग. मोठ्याने, खरं कारण देऊन. गलका झाला, काही जण निघून गेले, काही जण सावलीला जाऊन बसले, पण काउंटरवर डोकं आपटणं थांबलं. तोवर सर्व्हर बंद असताना हाताने लेबल लिहून सॅम्पल घ्यायची परवानगी वरून आली. मॅडमनी टेबलं काचेच्या बाहेर आणायला लावली, लोकांसमोरच लिहा म्हणे, दोनदा तपासताय तेही दिसू दे. याच्यावरही अभ्यास आहे, रायन ब्युएल आणि मायकल नॉर्टन, तेही हार्वर्ड बिझनेस स्कूलचेच, २०११ चा. प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या वेबसाइटवर त्यांनी बघितलं की मागे काय काम चाललंय ते दाखवलं तर लोकांना थांबूनही ती सेवा जास्त बरी वाटते, अगदी झटपट रिझल्ट देणारीपेक्षासुद्धा. (आता कुठलंही ॲप "शोधत आहोत..." दाखवायला लागलं की मला शंका येते, खरंच शोधतंय का नुसतं नाटक.) आमचं काम तरी खरं होतं, हात दुखेपर्यंत लिहिलं आम्ही.

भांडण झालं ते वेगळ्याच कारणावरून. एका ताईंचं जेवणानंतर दोन तासांचं शुगरचं सॅम्पल होतं, त्याची वेळ चुकवून चालत नाही, म्हणून त्यांना पुढे घेतलं तर अख्खी लाईन उठली. ओळखीची आहे का, वशिला आहे का. ज्यांनी तासाभराचं मुकाट ऐकून घेतलं तेच लोक एका माणसासाठी पेटले. कारण सांगितल्यावर गप्प झाले, उलट एक आजी त्यांना म्हणाल्या, जा गं तू आधी. मायस्टरच्या यादीत हेही आहे म्हणे, अन्याय वाटला की थांबणं लांब वाटतं.

आणि मॅडमचं सगळंच चाललं असंही नाही. एका काकांनी शेवटपर्यंत शांतपणे सगळं बघितलं, लेबल लिहिताना अक्षरसुद्धा वाचलं, आणि दुपारी कळलं की त्यांचं सॅम्पल गोठलंय, परत द्यावं लागणार. असे तापले की विचारू नका. "एवढं डोळ्यांसमोर करताय आणि तरी हे?" मॅडम हळूच म्हणाल्या, त्या अभ्यासात हेही निघालं होतं, शेवटी हातात काही बरं पडलं नाही तर दाखवलेलं काम उलटं अंगावर येतं. मी म्हटलं, मॅडम, हे काकांना नका सांगू.

आता काउंटरवर पांढरा बोर्ड लावलाय, साधारण किती वेळ लागेल ते मार्करने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सरांना अजून वाटतं आकडा जरा कमी करून लिहावा, लोक घाबरत नाहीत. मी ऐकून घेते आणि थोडा जास्तच लिहिते, नंबर आधी लागला की लोक खुशीत असतात.