आमची वाटचाल : मागच्या रांगेचा हिशेब

बाबांच्या काळात आमचा साउंडचा धंदा म्हणजे दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी. लग्न, तेरवी, भागवत सप्ताह एवढ्यावर भागायचं. पण पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की झाडीपट्टीच्या, म्हणजे या भागातल्या, नाटकांचा हंगाम लागतो. तिथे भोंगा चालत नाही, संवाद फुटतात. म्हणून कर्ज काढून स्पीकरचे बॉक्स घेतले. "भाऊ, मांगं काहीच आयकू येत नाही न!" अशी हाक आली की साउंडवाल्याचा उपाय ठरलेला : वॉट वाढवा.

धाकट्या भावाने लॅपटॉपवर ईझ फोकस नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. बर्लिनच्या कंपनीचं आहे, फुकट मिळतं. मंडपाची लांबी, बॉक्सची उंची आणि कोन भरला की कुठल्या रांगेत आवाज किती डेसिबल, ते रंगांत दिसतं. जादू वाटते, पण आतला हिशेब कागदावरही जमतो.

समजा, बॉक्स 1 वॉटवर 1 मीटर अंतरावर 98 डेसिबल देतो. 500 वॉट दिले की त्यात 27 मिळवायचे, झाले 125. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल उतरतात. म्हणून 32 मीटरवर उरतात साधारण 95. तेही बॉक्सच्या अगदी समोर. 90 अंशांत आवाज पसरवणारा बॉक्स म्हणजे 45 अंश बाजूला बसलेल्याला आणखी 6 कमी. वर, बारीक म्हणजे उंच पट्टीचा आवाज वाटेत हवाही खाते, आणि किती खाते ते तापमानावर आणि दमटपणावर ठरतं. आणि 500 चे 1000 वॉट केले तर? फक्त 3 डेसिबल. दुप्पट पैसे ओतून एवढंच!

सॉफ्टवेअरचं खरं काम पुढे आहे. दोन बॉक्सचे आवाज ते नुसते बेरजेने मिळवत नाही, लाटा कुठे जुळतात नि कुठे एकमेकींना मारतात तेही बघतं. जुळल्या तिथे 6 डेसिबल वाढ, नाही तिथे खड्डा. मात्र त्यासाठी कंपनीने मोजून दिलेली त्या बॉक्सची फाइल लागते. सुताराकडून बनवून घेतलेल्या बॉक्सची कुठली फाइल? त्यांच्यासाठी आम्ही अजून वहीच काढतो. शिवाय ईझ फोकस थेट आवाजच धरतं, भिंतींचा परतावा नाही. कापडी मंडपाला पुरतं. मंगल कार्यालयाच्या फरशीवर त्याच्या भरवशावर राहू नये.

आता आम्ही समोर बॉक्सचा डोंगर रचत नाही. मंडपाच्या मध्यावर दोन छोटे बॉक्स लावतो आणि त्यांना उशीर देतो, म्हणजे स्टेजचा आवाज तिथे पोचेल तेव्हाच त्यांचा निघतो. 20 मीटरला जवळजवळ 59 मिलिसेकंद, जानेवारीच्या थंडीत. नटाचा आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. कोटेशनवर मागच्या रांगेचे डेसिबल लिहितो. आयोजक मात्र खाली बोट ठेवून विचारतात, "हे राहू द्या, वॉट किती हायेत?" मग तेही लिहून देतो.