काराव्हाज्जोची खिडकी उजळवू नका

वर्गात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या ‘संत मत्तयला पाचारण’ या चित्राची नक्कल चालू होती. मूळ चित्र रोमच्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये आहे. १५९९-१६०० सालचं, साधारण ३२२ बाय ३४० सेंटिमीटर. जकातीच्या टेबलाभोवती माणसं बसली आहेत आणि उजवीकडून येशू हात पुढे करून त्यांच्यातल्या मत्तयला शिष्य व्हायला बोलावतोय.

एका नकलेत रेखाटन चोख होतं, पण प्रसंग मेला होता. मला आधी खिडकी दिसली. ती पांढरी केली होती. मूळ चित्रात माणसांच्या डोक्यांवरची ही खिडकी मळकट, आंधळी आहे. तिच्यातून काहीच आत येत नाही. उजेड येतो उजवीकडून, चौकटीबाहेरून, येशूच्या डोक्यावरून तिरपा. चर्चमधल्या ज्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाकक्षात, हे चित्र आहे तिथली वेदीवरची खरी खिडकीही त्याच दिशेला आहे. चित्रातली खिडकी उजळली की येशूला करायला काही उरत नाही.

मग नकलेतली ती खिडकी कच्चा अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, आणि पिवळ्या गेरूने मंद केली. भिंतीवरचा कवडसाही खडूने ओढल्यासारखा झाला होता. टायटॅनियम पांढरा थंड आणि फार झाकणारा. त्यात थोडा गेरू आणि नखभर काळा घातल्यावर तो भिंतीचा वाटू लागला. कवडशाखालची कड धारदार ठेवली. सावल्या मात्र नव्याने रंगवायच्या नाहीत, तपकिरी अस्तरच पातळ थराखालून दिसू द्यायचं.

येशूचा हात सगळ्यात अवघड. तो हुकूम सोडणारा नाही, मनगटातून सैल पडलेला आहे, मायकेलअँजेलोच्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या चित्रातल्या आदामासारखा. पूर्ण उजळला तर पोलिसाचा हात होतो! म्हणून वरच्या कडेलाच उजेड दिला. टेबलाच्या डाव्या टोकाला मान खाली घालून बसलेल्या पोराचा चेहरा मुद्दाम दबलेला ठेवला. मत्तय तो की दाढीवाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नकलेत निकाल लावायचं कारण नाही.

दुपारपर्यंत सावल्या ठिकठिकाणी मातकट, निस्तेज झाल्या. अंबर तेल पितो. तो थर हाताला कोरडा लागल्यावर एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग टर्पेंटाईन कापडाने अगदी पातळ चोळून जादा पुसून घेतलं. सावल्यांची खोली परत आली. लाल कपड्यांवरचं अलिझरीन ग्लेझ, म्हणजे गडद लाल रंगाचा पारदर्शक थर, नंतर, आणि पातळच: ते सावकाश वाळतं, जाड दिलं तर सुरकुततं.