शॉकअपचं कोटेशन वाचताना

गाडीचे शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बदलायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन गॅरेजना विचारा, दोन आकडे मिळतील. ‘चार शॉकअप, मजुरीसह एवढे’ असं एका ओळीत लिहून दिलं, तर ते कोटेशनच नव्हे. पार्ट आणि मजुरी वेगळी मागा. पुढची-मागची मजुरीही वेगळी.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र. तो खाली उतरवायचा, स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दाबायची, मगच वरचा नट खोलायचा. मागं स्प्रिंग वेगळी असेल तर शॉकअपचे वरचे-खालचे बोल्ट सोडायचे, बस्स. दोन्हीकडे सारखीच मजुरी लावली असेल तर खुशाल घासाघीस करा.

खरी गोम बारीक सामानात. पुढचे माउंटिंग (स्ट्रटचं वरचं टोक गाडीला धरणारं), बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की आपटू न देणारं रबर), डस्ट कव्हर नवे धरलेत का? माउंटिंग जुनंच ठेवून ते गेलं, तर गगनबावड्याच्या वाटेवर परत खडखड, आणि स्ट्रट पुन्हा उतरवायची मजुरी तुमच्याच खिशातून. स्ट्रट काढला की चाकांचं अलाइनमेंट आलंच. तेही लिहून घ्या. एकच शॉकअप गळत असला तरी जोडी बदला. ‘दोन्ही बाजूंना चालतो’ म्हणणाऱ्याला पार्ट नंबर दाखवायला सांगा, पुढच्या स्ट्रटमध्ये डावा-उजवा बऱ्याचदा वेगळा असतो.

काम चालू असताना तिथंच थांबा. शॉकअपचा चकचकीत रॉड पकडीनं धरला की ओरखडा पडतो, तो सील खातो आणि नवाकोरा शॉकअप तेल गाळायला लागतो. शॉकअपच्या टोकाला असलेल्या रबर बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.